ड्रिपच्या दुकानाची वेबसाईट इंटरॅक्टिव्ह करायची आहे, नेमकं काय ठेवावं?

रावेर_ड्रिपवाला

राम राम मंडळी. आमचं रावेर तालुक्यात ड्रिप आणि पीव्हीसी पाईपचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलं, आता मोठा भाऊ आणि मी बघतो. वेबसाईट आहे पण ती म्हणजे दुकानाचा फोटो, पत्ता, नंबर आणि मालाची यादी, एवढंच. लोकं बघतात आणि निघून जातात. जे फोन करतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "एकरी किती खर्च येईल?" आता त्याचं उत्तर मी फोनवर लगेच कसं देऊ, लागवड किती अंतरावर, विहीर किती लांब, फिल्टर जुना आहे का नवा घ्यायचा, हे सगळं विचारावं लागतं आणि तोवर समोरच्याला वाटतं हा माणूस टाळाटाळ करतोय.

आता एक एजन्सीवाला म्हणतो साईट इंटरॅक्टिव्ह करा. त्याच्या यादीत चॅटबॉट, फिरवायचं बक्षिसाचं चक्र, ३६० डिग्रीत दुकान, उघडल्या उघडल्या नंबर मागणारी खिडकी असं बरंच काही आहे. भाऊ म्हणतो शेतकरी व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, साईटवर पैसा घालू नको. मला मनापासून वाटतं की गिऱ्हाईकाला साईटवर स्वतः काहीतरी करून बघता आलं पाहिजे, पण नेमकं काय ते सुचत नाही. मृगबागेच्या म्हणजे केळीच्या पावसाळी लागवडीच्या आधी करायचंय, जूनमध्ये लागवडी सुरू झाल्या की आम्हाला जेवायला वेळ नसतो. कोणी केलं असेल तर सांगा.

तापीकाठ_कोडर

दादा, मी भुसावळचा, वेबसाईट बनवायचंच काम करतो. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. जो प्रश्न तुम्हाला रोज फोनवर येतो तोच साईटवर ठेवा, बाकी यादी बाजूला ठेवा.

एक साधं गणित-पान बनवा. शेतकरी तीन-चार गोष्टी टाकेल: क्षेत्र, ओळीतलं अंतर, झाडातलं अंतर, पाण्यापासून शेत किती लांब. आता बघा, एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. केळी ६×५ फुटांवर लावली तर साधारण १,४५२ झाडं बसतात, ५×५ वर १,७४२. ओळीला एक नळी धरली तर ६ फुटाच्या ओळीला एकरी ७,२६० फूट म्हणजे अंदाजे २,२१३ मीटर नळी लागते आणि ५ फुटाच्या ओळीला २,६५५ मीटर. फक्त ओळीचं अंतर एक फुटाने बदललं तर एकरी ४४० मीटर नळीचा फरक! दोन नळ्या टाकणारा असेल तर दुप्पट. हे तुम्हाला तोंडपाठ असेल, पण शेतकऱ्याने स्वतः ६ चे ५ केले आणि आकडा डोळ्यासमोर बदलला की त्याला कळतं तुम्ही फोनवर एवढे प्रश्न का विचारता. पुढे तोच आकडा धरून ड्रिपरचं पाणी दाखवा, ५० सेंटीमीटरवर एक, ताशी ४ लिटर सोडणारा ड्रिपर असेल तर ६ फुटाच्या ओळीत एकराला ताशी साधारण १७,७०० लिटर लागेल. मग मोटर एका वेळी किती एकर चालवेल हे तो स्वतःच विचारायला लागतो आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. ब्राउझरमध्ये असा लगेच बदलणारा आकडा दाखवायला जी भाषा लागते ती जावास्क्रिप्ट, १९९५ पासून आहे, तेव्हा ही काही महागडी नवलाई नाही, कोणी लाखांत पैसे सांगत असेल तर नीट चौकशी करा.

भावाचं म्हणणंही बरोबर आहे बरं का. दोन्ही जोडा. हिशोब झाला की खाली एक बटण, दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडेल आणि मेसेज आधीच लिहिलेला असेल, "२ एकर, ६×५, विहीर ४०० फूट, नळी अंदाजे इतकी". याला क्लिक-टू-चॅट लिंक म्हणतात, फुकट आहे. शेतकऱ्याला टाइप करायला नको आणि तुम्हाला पहिले चार प्रश्न विचारायला नको.

चक्र आणि ३६० डिग्री दुकान सोडा. ही जड पानं स्वस्त मोबाईलवर अडकतात, कारण जावास्क्रिप्ट नुसती डाउनलोड करून भागत नाही, फोनला ती चालवावीही लागते. गूगलने मार्च २०२४ पासून बोट लावल्यावर पान किती लवकर हलतं ते मोजायला घेतलंय, २०० मिलिसेकंदाच्या आत असेल तर चांगलं धरतात. शेतात एक-दोन काड्या रेंज असते तिथे टेस्ट करा, दुकानातल्या वायफायवर नको.

कांदेबाग_चोपडा

मी गिऱ्हाईकाच्या बाजूने सांगतो भो, आम्ही केळीवाले. रोज सकाळी बुऱ्हाणपूरचा भाव मोबाईलवर बघतो, रोपं बुक करतो, सगळं मोबाईलवरच करून राह्यलो, त्यामुळे शेतकरी साईट बघत नाही हे काही खरं नाही. पण साईट उघडली आणि पहिल्यांदाच नाव गाव नंबर मागितला की मी बंद करतो. कारण एकदा नंबर दिला की दिवसभर कोणाकोणाचे फोन, निंदणी चालू असते, बाया थांबलेल्या असतात आणि इकडे फोन. आधी मला काहीतरी द्या, मग नंबर मी आपणहून देईन.

दुसरं, क्षेत्र एकरात पण घ्या आणि हेक्टर-आर मध्ये पण घ्या. सातबारावर हेक्टर-आर असतं, तोंडात एकर असतं, पोराला कागद बघून भरायचं असतं. आणि गुंठे पण ठेवा, भाऊवाटणीनंतर किती जणांचं क्षेत्र आता गुंठ्यातच राह्यलंय.

अनुदानाचं एक. ठिबकला केंद्राचं अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५, त्यात राज्याची भर पडून ८० आणि ७५ पर्यंत जातं, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. पण ते टक्के ठरलेल्या मापदंडाच्या खर्चावर असतात, तुमच्या बिलावर नाही. हिशोबात थेट "तुम्हाला एवढेच भरायचे" असं दाखवू नका, लोकं तोच आकडा धरून बसतात. पूर्ण खर्च दाखवा आणि अनुदानाची माहिती वेगळी लिहा.

सुवर्णनगरी_काउंटर

जळगावच्या सराफ बाजारात मी काउंटरला असते. आमच्या पेढीच्या साईटवर दागिन्याचा हिशोब करायची सोय केली. वजन, कॅरेट, मजुरीचे टक्के टाकायचे, आजच्या भावाने रक्कम येते, ३ टक्के जीएसटी वेगळा दाखवतो. मजुरी अशी उघड दाखवायची म्हटल्यावर आधी पेढीत खूप चर्चा झाली, दुसरीकडे तुलना करतील म्हणून. करतातही. पण जी बाई साईटवर हिशोब करून येते ती काउंटरला वेगळी बोलते, "१२ ग्रॅममध्ये बसेल अशी पोत दाखवा" असं थेट. आधी अर्धा वेळ भाव आणि मजुरी समजावण्यात जायचा, आता डिझाईन बघण्यात जातो. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर एचयूआयडी म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक लागतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर कसा तपासायचा तेही आम्ही पानावर दिलंय, लोकं काउंटरवर उभं राहून तपासतात आणि मला ते फार आवडतं, विश्वास ठेवा असं सांगावं लागत नाही.

फक्त एक काळजी घ्या दादा. आमच्याकडे भाव दिवसात बदलतो, म्हणून भाव टाकायची जबाबदारी एकाच माणसावर आहे आणि भावाखाली वेळ लिहिलेली असते. तुमच्या पाईपचे दरही बदलत असतील. कोण बदलणार ते आधी ठरवा, मग साईट बनवा.

धुळ्यानी_ताई

राम राम भाऊ. बठ्ठं बराबर सांगी राह्यनात. आमचा बचत गट बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड करतो, आमचं छोटं काम. आम्ही साईटवर एकच केलं, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी विचारलं की बिबडे तिखट हवेत का मध्यम, लसूण घालायचा का नाही, आणि लोकांनी निवडलं त्या प्रमाणात घाटा शिजवला. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या लेकीबाळींनी तर खाली लांब लांब लिहिलं, आई कसे करायची, उन्हात कसे टाकायची. त्यातूनच आम्हाला कळलं की अर्धा किलोचं पाकीट हवंय. पण जो लिहितो त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं हे आम्ही बायांनी पक्कं ठरवलंय, पाळी लावलीय.

रावेर_ड्रिपवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण ऐकून तो तयार झालाय. आधी हिशोबाचं पान, एकर-गुंठे-हेक्टर तिन्ही, नंबर शेवटी आणि तोही इच्छा असेल तर. पाईपचे दर भाऊ प्रत्येक सोमवारी साईटवर बदलणार. कोडर दादा, दोन शंका. आमच्याकडे बरेच जण जोडओळ लावतात, तिथे अंतर दोन वेगवेगळी असतात, ते कसं घ्यायचं? आणि लोकांनी भरलेले आकडे आम्हाला साठवून बघता येतील का, म्हणजे मृगाआधी कोणती नळी किती मागवायची ते कळेल.

तापीकाठ_कोडर

जोडओळीसाठी वेगळं बटण ठेवा, दाबलं की दोन रकाने उघडतील, जोडीतल्या दोन ओळींमधलं अंतर आणि दोन जोड्यांमधलं अंतर. दोन्हींची बेरीज भागिले दोन हे सरासरी ओळ-अंतर धरा. म्हणजे ४ आणि ८ फूट असेल तर सरासरी ६, प्रत्येक ओळीला नळी असेल तर एकरी तेच ७,२६० फूट. पण जोडीच्या मध्ये एकच नळी टाकणार असेल तर निम्मी होईल, म्हणून तेही विचारा.

आकडे साठवता येतात, पण नाव-नंबर न जोडता नुसतं अंतर, क्षेत्र आणि तालुका एवढंच ठेवा, माल मागवायला तेवढं पुरतं. नंबर ठेवणार असाल तर कशासाठी ते मराठीत साफ लिहून परवानगी घ्या, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीवर भर आहे. आणि लोकं कोणत्या रकान्यावर पान सोडून जातात तेही बघा. माझा अंदाज, विहिरीच्या अंतरावर सोडतील, कारण ते कोणी मोजलेलं नसतं. तिथे "माहीत नाही, येऊन बघा" असा पर्याय द्या, आणि तो दाबणाऱ्याला सगळ्यात आधी फोन करा.