ग्रामसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना कशी द्यावी: देवनागरी, रोमन की आवाज?

रानवाट
आमच्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, ग्रुपवर ऐंशीएक महिला. बैठकीची सूचना टाकली की निम्म्या जणी हात जोडतात, प्रत्यक्षात येतात दहा. सीआरपी ताई (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या) मराठी रोमनमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लिहितात, वरून येतात ते पत्रांचे फोटो. जुनी सूचना शोधली तर सापडत नाही. काही घरांत एकच स्मार्टफोन, तोही मुलाकडे. काय बदलावं?

सातबारा
आधी रोमन थांबवा. मला, माला, माळा, मळा हे सगळे रोमनमध्ये त्याच चार अक्षरांत लिहिले जातात. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला ते एकेक अक्षर जोडत वाचावं लागतं. ताईंना सवय मोडायला सांगू नका. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंगमध्ये 'भाषा', मग 'कीबोर्ड जोडा', मग मराठी, आणि तिथे इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा पर्याय निवडा. बोटं तीच, उमटतं देवनागरी.

'उद्या' आणि 'परवा' लिहूच नका. मेसेज दोन दिवसांनी उघडला की 'उद्या' उलटून गेलेला असतो, आणि 'परवा' तर मागचाही असतो, पुढचाही. वार आणि तारीख दोन्ही द्या.

हात जोडणं म्हणजे 'पाहिलं, नमस्कार'. तो होकार नव्हे. येणाऱ्यांचा आकडा हवा तर पोल टाका, त्यात एकाहून जास्त उत्तरांची मुभा बंद करा. मात्र कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, आणि अध्यक्षताईंच्या देखत 'नाही' दाबायला सुना कचरतात. पर्याय 'येते' आणि 'निरोप देते' असे ठेवा.

टंकचूक
शोधात न सापडण्याचं कारण: दिसायला सारखं अक्षर आत दोन प्रकारे साठवलेलं असतं. 'ॲ' एका कीबोर्डवर सलग एक अक्षर, दुसऱ्यावर 'अ' अधिक चंद्र. 'दुसऱ्या'मधला अर्धा र कुठे नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ पासून बनतो, कुठे साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून 'दुसऱ्या हप्त्याची' न शोधता नुसतं 'हप्त' शोधा.

पत्रांच्या फोटोंचं मूळ श्रीलिपी-कृतिदेव या जुन्या संगणकी फॉन्टमध्ये आहे. तो मजकूर चिकटवला की अगम्य चिन्हं दिसतात, म्हणून लोक फोटो काढून मोकळे होतात. फोटोतला मजकूर ग्रुपवर शोधता येत नाही, टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लावणाऱ्यांना नीट ऐकूही येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर चालणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या आणि ऱ्हस्व वेलांटीचे शब्द डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टंकतात, त्यामुळे जोडाक्षरावर घसरते आणि 'स्थिती'चं 'सि्थती' होतं. ऱ्या, ज्ञ, रफारही बघा.

ओवी
व्हॉइस मेसेज तीस सेकंदांच्या आत. पहिल्या वाक्यात वार, तारीख, जागा, नमस्कार-चमत्कार शेवटी. खाली तेच एका ओळीत लिहून टाका, कारण आवाज शोधता येत नाही. थकलेल्या हप्त्याबद्दल कोणाचं नाव घेऊन आवाजात कधीच बोलू नका. फोन मुलाकडे असेल तर ते घरभर ऐकू जातं.

सातबारा
साध्या फोनवाल्यांना एसएमएस पाठवताना मोजा: देवनागरीत एका मेसेजला ७० चिन्हं, रोमनमध्ये १६०. मात्रा आणि हलन्त वेगळे धरले जातात, 'स्त्री' म्हणजे सहा. लांबला की तुकडे पडतात, प्रत्येकी ६७चे, आणि पैसे तुकड्यांवर. हा बसतो, ४४ चिन्हं:

बैठक शनि १४ जून स. ११ समाजमंदिर. पासबुक आणा.