अनुभव धागा : फौजेतून आलेल्या इंजिनियरची आठवण नोंदवताना

धागाकर्ता : उमेदीची वर्षं फौजेत इंजिनियर म्हणून घालवलेला आणि नंतर लहानशा गावात 'यंत्र बंद पडलं की त्यांनाच बोलवा' म्हणून ओळखला गेलेला माणूस जातो, तेव्हा आठवणीच्या लेखात 'शिस्तप्रिय, मनमिळाऊ, हरहुन्नरी' एवढंच उरतं. नेमकं काय नोंदवावं, कागद-पदकं-हत्यारं कशी सांभाळावीत, लोक कुठे चुकतात, हे जाणकारांनी लिहावं. गहिवर पुरे, तपशील हवेत.

फीत : आधी हुद्दा तपासा. नौदलातला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो; भूदलातला कॅप्टन त्याच्या तीन पायऱ्या खाली. नुसतं 'कॅप्टन' छापलं तर वाचणारा हमखास गोंधळतो, म्हणून दल आणि तुकडी सोबत हवीच. दुसरी नेहमीची चूक पदकांची. मोहिमेत हजर असणाऱ्या सर्वांना मिळालेल्या पदकाला घरचे लोक बिनदिक्कत 'शौर्यपदक' म्हणतात, आणि तुकडीतल्या जुन्या सोबत्यांसमोर शोभा होते. ब्रिटिश पद्धतीच्या बऱ्याच पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी बारीक अक्षरांत कोरलेली असते. ती भिंगाने वाचा. पितळ चमकवायच्या पॉलिशने पदक घासलंत तर पहिली झिजतात तीच अक्षरं. पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवे डाग धरतात.

कागदकीड : सेवेतून मुक्त झाल्याचा मूळ दाखला घरी असेल तर सरकारी दप्तरात प्रत आहेच म्हणून निर्धास्त राहू नये. अमेरिकेत सेंट लुईसच्या दप्तरखान्याला १९७३ साली आग लागली आणि लष्करी नोंदींच्या सुमारे १६ ते १८ दशलक्ष फायली गेल्या. मूळ कागद लॅमिनेट मात्र करू नका, ते पुन्हा सुटं होत नाही.

नकाशांचं प्रकरण जरा नाजूक. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांची जुनी ब्लूप्रिंट आणि नंतरची अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने उठवलेली) एका गुंडाळीत ठेवू नयेत. अमोनिया प्रिंटमधून निघणारे वायू शेजारचा कागद बिघडवतात. शिवाय 'आम्लविरहित' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कागदांत अल्कली घातलेली असते. इतर कागदांना ती मानवते, पण ब्लूप्रिंटचा निळा रंग ती खाते. तिच्यासाठी तटस्थ, म्हणजे अल्कली न घातलेला कागदच घ्यावा. फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, मूळ फाईल टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाईल-प्रकार).

अर्धाइंच : पासपोर्टएवढ्या फोटोला १२०० ठेवा, नाहीतर मोठा करताना चेहरा विरघळतो.

आता मुद्द्याचं. अशा माणसाचं खरं चरित्र त्याने केलेल्या दुरुस्त्यांत असतं आणि ते बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. सार्वजनिक पंप, टाकी, जनित्र, सभागृहाचं वायरिंग, जिथे जिथे त्याचा हात लागला तिथे जाऊन आजची स्थिती उतरवून घ्या. मूळ आराखडा पाहून भागत नाही, कारण याने मध्येच एक वळणनळी घातलेली असते, एक व्हॉल्व्ह जमिनीखाली पुरलेला असतो. व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद होतो, कुठल्या बाजूला फिरतो, पुरलेला असेल तर जवळच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून किती अंतरावर, हे टेप धरून मोजा. एकाच कोपऱ्यापासूनचं अंतर कुचकामी, ते नुसतं वर्तुळ देतं.

हाताने केलेल्या सुट्या भागांचे आटे गेजने मोजून ठेवा. अर्धा इंची बोल्टला व्हिटवर्थमध्ये (जुनं ब्रिटिश माप) इंचाला १२ आटे, यूएनसीमध्ये (अमेरिकी माप) १३. चुकीचा नट एक-दोन फेरे चढतो आणि अडकतो. मग कोणीतरी पान्याला पाईप लावून जोर करतो आणि भागच तुटतो. डावे (उलट्या दिशेने आवळणारे) आटे असतील तर त्यावर रंगाने खूण करा. हे सगळं त्याच्या नावाने एका वहीत बांधून यंत्राशेजारी ठेवलं, तर ती वही शोकसभेच्या दहा भाषणांना भारी आहे. (भाषणं लहान ठेवा, हेही सांगायला हवं.)

सुरक्षित अंतर : माळा आवरताना सांभाळा. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं जुनं लष्करी घड्याळ किंवा होकायंत्र असेल तर काच उघडू नका. त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली म्हणजे धोका गेला असं नाही. चमकणारा लेप थकतो, रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचं. आठवण म्हणून आणलेला तोफगोळा 'रिकामाच आहे' असं घरात कितीही ठाम सांगत असले तरी हलवू नका, पोलिसांना कळवा. जुन्या टॉर्चमधले सेल आधी काढा, ते गळून आतली पितळी पट्टी खातात.

कागदकीड : फोटोबद्दल एक राहिलं. गणवेशावर पदकांच्या फिती छातीच्या डाव्या बाजूला असतात. फोटोत त्या उजव्या छातीवर दिसल्या तर बहुधा निगेटिव्ह उलटी धरून छापलंय, आरशात पाहून खात्री करा. समूहफोटोखाली 'डावीकडून तिसरे' लिहिताना कोणाची डावी बाजू ते स्पष्ट नसतं. त्यापेक्षा वर पारदर्शक कागद ठेवून चेहऱ्यांची बाह्यरेषा काढा आणि आकडे घाला. रेषा काढताना तो कागद छापील प्रतीवर ठेवा, मूळ फोटोवर नको. पेन्सिलीच्या दाबाचे वळ त्यावर कायमचे उठतात.