मोबाईलवर जुनं संगीत आणि रेडिओ : नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

पैसे न मोजता मोबाईलवर जुनी ध्वनिमुद्रणं आणि रेडिओ ऐकणारे आपल्या नाशकात बरेच आहेत. तुमच्या हाती काय लागलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

मी पंचवटीची. विष्णु दिगंबर पलुसकरांचा आश्रम नाशकातला, त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुसकर १९२१ साली इथेच जन्मले, हे लहानपणापासून ऐकत आले. गाणं मात्र निवांत कधी ऐकलं नव्हतं. 'इंटरनेट आर्काइव्ह' या मोफत संकेतस्थळावर द. विं.चं नाव टाकलं आणि ऐकतच बसले. जुन्या ग्रामोफोन तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात बंदिश, आलाप, ताना सगळं येतं, पण घाई कुठेच नाही. आधी सुईची खरखर, मग तो निवळ स्वर! १९५५ मध्ये, अवघ्या ३४व्या वर्षी ते गेले. जे ध्वनिमुद्रित झालं तेवढंच आपल्या वाट्याला, म्हणून मला त्याचं फार मोल वाटतं. शोधताना 'डी. व्ही.' आणि 'दत्तात्रेय' दोन्ही टाकून बघा.

*

सातपूरला रात्रपाळी असते. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एआयआर' ॲपवर विविध भारती लावतो. पण खरी मजा आईची झाली. तिचं माहेर जळगाव. एफएम तिथून इथवर कसं पोचणार? ॲपमध्ये आकाशवाणी जळगाव लावून दिलं, तर स्वयंपाक सोडून फोनजवळ येऊन बसली. आता रोज स्वतःच लावते. डेटाची धास्ती नको. ६४ केबीपीएस (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट) वेगाला तासाला साधारण ३० एमबी जातात.

*

दिंडोरी. द्राक्षबागेत आकाशवाणी नाशिक, १०१.४. फोनच्या एफएमला इअरफोनची वायर अँटेना म्हणून लागते आणि ती वेलीत अडकते. ॲपवर ती कटकट नाही. रेंज गेली की मात्र आवाज बंद, त्यामुळे जुना ट्रान्झिस्टर अजून जपलाय.

*

कॉलेज रोडवरून. 'रेडिओ गार्डन' बघाच! पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, की तिथलं स्टेशन सुरू.

आणि ताई, आर्काइव्हवर जुन्या काळची गायिका गौहरजानही शोधा. १९०२ साली कलकत्त्यात तिचं गाणं मुद्रित झालं. शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि तिथल्या लोकांना गाणारं कोण ते कळायला हवं होतं. इअरफोन लावून ऐका, नाव ठणठणीत ऐकू येतं.