मदत हवी आहे: एस्सिटालोप्राम चालू असताना अश्वगंधा चालेल का? (आणि जर्मनीहून आलेल्या गोळ्या)

नमस्कार मंडळी. वय 41, राहायला ऐरोली, नोकरी वागळे इस्टेटला, अकाउंट्समध्ये. यंदाच्या ऑडिटने झोप उडाली ती उडालीच. पहाटे तीनला टक्क जाग, आणि सकाळच्या लोकलमध्ये दिघा गाव यायच्या आत छातीत धडधड. मानसोपचारतज्ज्ञांनी अँक्झायटी आणि थोडं डिप्रेशन असं सांगून एस्सिटालोप्राम 10 मिग्रॅ दिली. आज सोळावा दिवस, फरक शून्य. थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन 50, चार वर्षांपासून चालू आहे.

घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना कळलं तर 'हिला ठाण्याला पाठवा' म्हणतील ही भीती (रोज ठाण्यालाच जाते, तो भाग वेगळा). म्हणून स्ट्रिप साबुदाण्याच्या डब्यात ठेवायचे. अक्कल बघा, संकष्टीला डबा त्यांनीच उघडला. बोलल्या काहीच नाहीत. त्या रात्रीपासून कोमट दुधात चमचाभर अश्वगंधा चूर्ण घालून पेला हातात देतात. 'त्या गोळ्यांची सवय लागते, हे आपलं आयुर्वेदिक.' आठ दिवस झाले, नाही म्हणवत नाही.

त्यात मावसबहीण जर्मनीहून आली. तिने दिलेल्या खोक्यावर 'योहानिसक्राउट' लिहिलंय. तिकडे सगळे घेतात, झाडपाल्याचंच आहे म्हणाली. काल सकाळी एक घेतली. दुपारी घाम फुटला, माउस धरलेला हात थरथरत होता. ऑडिटचं टेन्शन की गोळी?

डॉक्टरांची पुढची तारीख दोन आठवड्यांनी आहे. मागच्या वेळी पाच मिनिटांत बाहेर आले, विचारायचं सुचलंच नाही. हे सगळं एकत्र चालतं का?

गवतीचहा: माझ्या आत्याला ब्राह्मी आणि जटामांसीने छान गुण आला. इंग्रजी औषध बंद करून टाका, साइड इफेक्टच जास्त.

नौपाड्याचा_केमिस्ट: गवतीचहा, असं परस्पर बंद करायला सांगू नका हो. ही गोळी एकदम सोडली की चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटतं. कमी करायची तर डॉक्टर हळूहळू करतात. आणि ताई, फरक पडायला 2 ते 4 आठवडे लागतात, कधी जास्तही. सोळा दिवस म्हणजे काहीच नाही.

आता महत्त्वाचं. योहानिसक्राउट म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. सौम्य डिप्रेशनवर त्याचा उपयोग होतो, थोतांड नाही ते. पण म्हणूनच गडबड आहे. तेही सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाढवतं, तुमची गोळीही. दोन्ही मिळून ते प्रमाणाबाहेर गेलं की घाम, थरथर, धडधड, जुलाब सुरू होतात. त्या जर्मन खोक्यातली आणखी एकही गोळी घेऊ नका आणि आजच, तारखेची वाट न बघता, डॉक्टरांना फोन करा. ताप आला, अंग ताठरलं किंवा काही सुचेनासं झालं तर थेट कॅज्युअल्टी. शिवाय सेंट जॉन्स वर्ट गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा असरही कमी करतं. कोणी घेत असेल तर सांगा.

अश्वगंधेचं वेगळं. ताण आणि झोपेवर ती बरी पडते असं छोट्या चाचण्यांत दिसलंय, पण त्या बहुतेक मुळाच्या ठरावीक अर्कावर, साधारण दोन महिन्यांच्या. दुधातल्या चमचाभर चूर्णाला तो हिशोब लागू होत नाही. तुमच्या बाबतीत खरी मेख थायरॉइड. अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात, वरून तुम्ही थायरॉक्सिन घेताय. हार्मोन जास्त झालं तरी धडधड आणि झोपमोडच होते, मग कशाने काय झालं कळणार कसं? क्वचित यकृतालाही त्रास होतो. डेन्मार्कने 2023 मध्ये बंदीच घातली. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, तोवर दूध साधं.

पामबीच_वॉकर: रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर 14416, टेलिमानस. सरकारी आहे, फुकट, मराठीतही बोलतात. मी स्वतः वापरलाय.

मूळ प्रश्नकर्ती: केमिस्टदादा, खूप आभार. फोन केला, डॉक्टरांनी संध्याकाळीच बोलावलं. जर्मन खोकं आणि चूर्णाची बरणी दोन्ही समोर ठेवली. दोन्ही बंद, एस्सिटालोप्राम तीच चालू, टीएसएचला रक्त दिलं. थरथर आता नाही. स्ट्रिप फ्रिजवर उघडी ठेवलीय. सासूबाईंना नवऱ्याने समजावलं. 'बरं, मग नुसतं जायफळ घालते' म्हणाल्या. जायफळाचं विचारायचं राहिलंच. चिमूटभर चालतं ना?