बक कन्व्हर्टरमधील इंडक्टर अतिशय तापतो – तातडीने मदत हवी आहे

कुतूहल : १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर मी जोडला आहे. भार वाढवताच त्यातील १० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर (चुंबकीय गाभ्यावर गुंडाळलेली तारेची कुंडली) हात लावता येणार नाही इतका तापतो आणि बारीक शिटी वाजू लागते. जोडणी तपासून झाली आहे, त्यामुळे तोच सल्ला कृपया पुन्हा देऊ नये.

चुंबकवेडा : स्विचिंग वारंवारता, म्हणजे स्विच सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतो? भार किती अँपिअर? इंडक्टरचा सॅच्युरेशन करंट, म्हणजे ज्यापुढे गाभा संपृक्त होऊन आणखी चुंबकीय क्षेत्र पेलू शकत नाही तो प्रवाह, किती? एवढे कळल्याशिवाय काय सांगणार?

कुतूहल : १०० किलोहर्ट्झ, ३ अँपिअर. इंडक्टरचा सॅच्युरेशन करंट ३.५ अँपिअर आहे, म्हणजे तो पुरेसा आहेच.

सरळमार्गी : एवढी यातायात कशासाठी? लिनिअर रेग्युलेटर लावावा, इंडक्टरच नको.

चुंबकवेडा : म्हणजे ७ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, २१ वॉट निव्वळ उष्णता! कुतूहल, ३ अँपिअर ही केवळ सरासरी झाली. स्विच चालू असताना इंडक्टरवर ७ व्होल्ट असतात आणि त्या सुमारे ४.२ मायक्रोसेकंदांत प्रवाह २.९ अँपिअरने चढतो. स्विच बंद होताच चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा डायोडमार्गे भाराला मिळते आणि प्रवाह तितकाच उतरतो. शिखर साडेचार अँपिअरच्या जवळ जात असल्याने गाभा संपृक्त होतो, इंडक्टन्स कोसळतो आणि प्रवाह अधिकच उसळतो. १०० किलोहर्ट्झ कानाला ऐकू येत नाही; शिटी येते त्याअर्थी स्विच चालवणारी चिप करंट लिमिटमध्ये (प्रवाहाच्या कमाल मर्यादेत) शिरून मधले स्पंद गाळत असावी आणि त्यामुळे वारंवारता ऐकू येण्याइतकी उतरत असावी. ३३ मायक्रोहेन्रीचा, किमान ५ अँपिअर सॅच्युरेशनचा इंडक्टर घ्यावा.

तांबेतार : विकत कशाला घ्यायचा? संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधील पिवळ्या-पांढऱ्या रिंगवर जाड तार गुंडाळावी. मी नेहमी तेच करतो.

चुंबकवेडा : ती रिंग लोहचूर्णाची असते. या वारंवारतेला तिच्यातील गाभाहानी (गाभ्यात उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा) बरीच होते. हवेची फट ठेवलेले फेराइटच योग्य.

तांबेतार : फेराइट एकदम संपृक्त होते, लोहचूर्ण हळूहळू. रिपल (प्रवाहाचा चढउतार) कमी ठेवला तर गाभाहानीही आटोक्यात राहते.

गाळणी : आउटपुट कपॅसिटर लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) आहे ना?

कुतूहल : कपॅसिटरविषयी मी विचारलेलेच नाही. इंडक्टर तोच ठेवून वारंवारता ३०० किलोहर्ट्झ केली तर?

चुंबकवेडा : शिखर जेमतेम ३.५ अँपिअरवर येईल, म्हणजे बरोबर मर्यादेवर; शिवाय स्विचिंगमधील हानी वाढेल ती वेगळीच. पण चिप कोणती आहे, हे तुम्ही अजूनही सांगितलेले नाही.