चेहऱ्यावर केलेले प्रयोग: आपापले अनुभव लिहा

धागाकर्ती

परवा भाचीच्या केळवणाला ठाण्यात गेले होते, राम मारुती रोडला. लग्न दहा दिवसांवर आणि नवरी ओढणीने गाल झाकून बसलेली! कुठल्याशा व्हिडिओत बघून लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवून चेहऱ्यावर चोळला होता. "मावशी, फसफसलं ना, मला वाटलं मळ निघतोय." अगं बाई, आम्ल आणि अल्कली भेटले की फसफसणारच, त्यात तुझ्या मळाचा काय संबंध? त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ५ च्या आसपास, लिंबाचा २, सोड्याचा ८ च्या वर. दोन्हीकडून मार.

तिला बोलून झाल्यावर मला माझी अकरावी आठवली. पिंपलवर टूथपेस्ट थापून झोपले होते. पिंपल चार दिवसांत गेला, पण भाजल्यासारखा काळा डाग बारावीच्या फॉर्मवरच्या फोटोतही आहे.

तर ठाणे-नवी मुंबईकरांनो, करा आपापली पापं कबूल. अमुक क्रीम घ्या, तमुक घ्या अशी जाहिरात मात्र नको.

ट्रान्सहार्बरवाली

माझं पाप मोठं आहे, लांबण लागेल.

रोज ठाणे ते रबाळे लोकल. डब्यात आमचा ग्रुप. त्यातल्या एकीचा चेहरा महिन्याभरात असा उजळला की आम्ही तिच्या मागेच लागलो. तिने पर्समधून छोटीशी ट्यूब काढून दाखवली. मी त्याच संध्याकाळी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने चिठ्ठी वगैरे काही मागितली नाही, फक्त "मोठी देऊ की छोटी?" एवढंच विचारलं. मोठी घेतली.

आठ दिवसांत फरक! ऑफिसात विचारायला लागल्या, सासूबाईसुद्धा म्हणाल्या, चेहरा तुकतुकीत दिसतोय. आठ महिने रोज रात्री लावली. मग गावी गेले आणि ट्यूब ठाण्यात राहिली. तिसऱ्या दिवशी तोंडाची नुसती आग. चुलीपुढे उभं राहवेना. गाल लालभडक, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या. परत येऊन पुन्हा लावली की शांत, सोडली की पुन्हा आग. त्यात कानशिलांजवळ लव दाट झालेली आणि गालांवर लाल केसासारख्या शिरा.

त्वचेच्या डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच "ट्यूब आणलीय?" म्हटलं. उलटी करून बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. पहिलं स्टेरॉइड. वांगावर हे औषध देतात, पण काही आठवडे आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. मी फेअरनेस क्रीम समजून थापत होते. माझ्यासारख्या इतक्या जणी येतात की या प्रकाराला त्यांच्यात 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टेरॉइडचं मलम लावून बिघडलेला चेहरा, असं नावच पडलंय म्हणे. २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीची सक्ती झाली, ते मला नंतर कळलं.

चेहरा शांत व्हायला वर्ष गेलं. शिरा अजून आहेत. डब्यातल्या त्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मला तर काही झालं नाही हो." बंद केली नव्हती ना तिने.

घोडबंदरचा टँकर

आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकरचं पाणी. साबणाला फेस येत नाही, चेहरा चिकट वाटतो, म्हणून दिवसातून पाच वेळा फेसवॉश. चेहरा आधी कोरडा, मग सोलल्यासारखा. आता सकाळ-संध्याकाळ दोनदाच, एरवी नुसता पाण्याचा हबका. काही बिघडलं नाही.

नेरूळची आजी

नातीने टाइप करून दिलंय, चुका तिच्या.

चाळीस वर्षं चिकटवायची टिकली लावली. मागच्या वर्षी कपाळावर खाज यायला लागली, मग बरोबर टिकलीएवढाच पांढरा गोल उमटला. टिकली काढली तरी लावलेलीच! शेजारणी कुजबुजल्या, कोड आहे. मी दोन महिने डॉक्टरकडे गेले नाही, भीतीने. नातीचं लग्न व्हायचंय हो अजून. शेवटी सुनेने ओढून नेलं. डॉक्टर म्हणाले, काही टिकल्यांच्या गोंदात ब्युटिल फिनॉल जातीचं रसायन असतं, ते रंगाच्या पेशीच मारतं. टिकली बंद, मलम चालू. कडेने थोडा रंग भरलाय. सणासुदीला नात आयब्रो पेन्सिलीने ठिपका काढून देते.

धागाकर्ती

आजी, दंडवत! माझ्या बाथरूमच्या आरशावर अकरा टिकल्या चिकटवलेल्या आहेत, आत्ताच मोजल्या. खाज येत नाही अजून, पण आता कपाळ रोज निरखणार.

महापेचा खिडकीवाला

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? माझं टेबल काचेला लागून, डावा गाल उन्हाकडे. तीन वर्षांत डावा गाल उजव्यापेक्षा चांगला दोन छटा गडद. मला वाटायचं, काच आहे, एसी आहे, कसलं आलंय ऊन! उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी काच अडवते, यूव्हीए बराचसा आत येतो.

सनस्क्रीन आणलं, तर वाटाण्याएवढं लावायचो. चेहरा-मानेला दोन बोटं भरून लागतं, आणि घाम आला की दोनेक तासांनी पुन्हा. एसपीएफ (सनस्क्रीनवर छापलेला संरक्षणाचा आकडा) ३० ने साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडतं, ५० ने ९८. म्हणजे महागडं ५० जपून जपून लावण्यापेक्षा ३० सढळ हाताने बरं. पीठ फासल्यासारखं दिसतं म्हणून टीम हसते, हसू दे.

वरपिता

मुलाच्या हळदीच्या आदल्या रात्री केस काळे केले. सकाळी डोळे सुजून बंद. दोन दिवस आधी कानामागे थेंब लावून बघा, असं खोक्यावर छापलं होतं, पण ते वाचायला चष्मा लागतो. सगळ्या फोटोंत गॉगल. पाहुण्यांना वाटलं, काका हौशी आहेत.

धागाकर्ती

काका, फोटो टाकाच!

भाचीचं विचारताय म्हणून सांगते. डॉक्टरांनी सगळे लेप बंद करून साधं मॉइश्चरायझर दिलंय, आग थांबली. हळद फक्त हातापायांना लावायची, चेहऱ्याला बोटसुद्धा नाही. आमच्या आईला हे बिलकूल पटलेलं नाही. निदान कपाळाला तरी टेकवू द्या, म्हणून कालपासून फोन चालू आहेत.