प्रतिसाद: भूकंप झाला की मुलाला लगेच परत बोलवावं का?

वर एका आईंनी विचारलंय, परदेशात शिकणाऱ्या मुलाच्या शहरात भूकंप झाला तर पहिल्या विमानानं परत बोलवावं का? माझं मत: घाई करू नका.

२२ फेब्रुवारी २०११ ला मी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये शिकत होते. दुपारी १२:५१ ला धक्का बसला, म्हणजे भारतात पहाटेचे ५:२१. घरचे उठून बातम्या बघेपर्यंत फोन लागेनासे झाले होते. एसएमएस मात्र उशिरा का होईना, जात होते. तेव्हा मुलांनो, आधी 'सुखरूप आहे' एवढा मेसेज टाका. १८५ माणसं गेली, त्यातली ११५ सीटीव्ही या स्थानिक टीव्ही वाहिनीच्या एकाच इमारतीत. तिथे इंग्रजी शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी कितीतरी होते. त्यांच्या आईवडिलांचा विचार आला की आजही गलबलून येतं.

जमिनीखालून पाण्याबरोबर वर आलेला राखाडी गाळ अंगणांत, रस्त्यांवर साचला होता. विद्यार्थ्यांची 'स्टुडंट व्हॉलंटिअर आर्मी' फावडी, ढकलगाड्या घेऊन अनोळखी म्हाताऱ्यांची अंगणं साफ करत फिरत होती. इमारतींची तपासणी होईपर्यंत विद्यापीठानं चक्क तंबूंत वर्ग भरवले. वाऱ्यानं कापड फडफडायचं, मागच्या रांगेत निम्मं ऐकूच यायचं नाही, पण शिक्षण थांबलं नाही.

परतायचंच असेल तर आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाकडून रजेचं लेखी घ्या, कारण गैरहजेरीचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो. आणि पासपोर्ट, बूट उशाशी ठेवा. फुटलेल्या काचांवरून अनवाणी बाहेर पडता येत नाही.